वाकनीस हे आडनाव आलं कुठून?

प्रश्न : माहेरी आम्ही जोशी, त्यामुळे आडनावाचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. लग्नानंतर मी वाकनीस झाले. आता मुलगी नववीत आहे. वर्गात तिला 'वाक, अजून वाक' म्हणून चिडवतात. दहावीचा फॉर्म भरायच्या आत आडनाव बदलून माझं माहेरचं लावायचं, असं तिनं ठरवून टाकलंय. सासरे फार दुखावलेत. ते म्हणतात, आपण शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतल्या दत्ताजीपंत वाकनीसांचे वंशज. इंटरनेटवर एका ठिकाणी 'वाक् म्हणजे वाणी, सरस्वतीचा वरदहस्त असलेलं कुळ ते वाकनीस' असं आहे, दुसरीकडे 'वाकण गावचे ते वाकनीस' असं. तिसरीकडे तर जगात या आडनावाची माणसं किती, याचा थेट आकडाच दिलाय. खरं काय मानायचं? आडनाव इतकं दुर्मीळ का? मुलीला काय सांगू? आणि माळ्यावर फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा एक गठ्ठा आहे, अक्षर कुणालाच लागत नाही. तो ठेवावा का?
– एक वाचक

ताई,

अर्थापासून सुरुवात करते, कारण त्याबद्दल शंकेला जागा नाही. वाकनीस हे एका हुद्द्याचं नाव आहे. मूळ शब्द फारसीतला, वाकिआ-नवीस. वाकिआ म्हणजे घडलेली गोष्ट आणि नवीस म्हणजे लिहिणारा. दरबारात रोज काय घडलं ते रोजच्या रोज लिहून ठेवणारा माणूस तो वाकेनवीस. मराठी तोंडात बसता बसता त्याचं वाकेनीस झालं आणि पुढे वाकनीस. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस ही सगळी याच 'नवीस'ची भावंडं. नागपूरकडे चिटणवीस आणि फडणवीस ही रूपं अजून तशीच राहिली आहेत, त्यामुळे मधला 'व' कुठे गळला ते चटकन दिसतं.

सरस्वतीची व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण ती सोडून द्या. 'वाक्' संस्कृत धरला तर पुढच्या 'नीस'चं काय करायचं, याचं उत्तर ती देत नाही. वाकण गावाचंही तसंच. नागोठण्याजवळ जिथून पालीला रस्ता फुटतो ते वाकण तुम्हाला माहीत असेल. पण गावावरून आडनाव घडतं तेव्हा मराठीत शेवटी 'कर' लागतो आणि वाकणचा माणूस वाकणकर होतो. भीमबेटकाची गुहाचित्रं 1957 मध्ये जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर यांचं आडनाव त्या घडणीचं. 'नीस' हा गावाला चिकटत नाही, कामालाच चिकटतो. दुर्मीळ आडनावाचा अर्थ शोधताना आधी शेवट बघावा, असं मी प्रत्येकाला सांगते. सुरुवातीच्या अक्षरांवरून मन हवं तिकडे धावतं, शेवट मात्र आडनाव कोणत्या साच्यातून आलं ते सांगतो.

आता दरबाराकडे येऊ. मुलीनं चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकातून अष्टप्रधानांची नावं पाठ केली असतील. त्या यादीत दत्ताजीपंतांपुढे 'मंत्री' लिहिलेलं असतं. हा मंत्री म्हणजेच आधीचा वाकनीस. महाराजांच्या रोजच्या घडामोडींची नोंद, खासगीकडची व्यवस्था, आमंत्रणं-निमंत्रणं, भोजनाचा बंदोबस्त, अशी जवळच्या विश्वासाची कामं त्याच्याकडे असत. राजाच्या ताटाजवळ आणि कागदाजवळ एकाच वेळी असणारा हा माणूस होता. मोगलांच्या राज्यातही वाकिआनवीस असत. तिथे ते सुभ्यासुभ्यांतून बादशहाकडे बातमी लिहून धाडत. म्हणजे हुद्दा जुना आणि अनेक राज्यांत चालत आलेला होता.

6 जून 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी या पदांची फारसी नावं बदलून संस्कृत केली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती आणि वाकनिसाचा मंत्री. एवढ्यावर न थांबता रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. गंमत पाहा, राजानं हुद्द्याचं नाव बदललं तरी लोकांच्या ओठांवरचं नाव बहुतेक ठिकाणी हललं नाही. पेशवे लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले, डबीर डबीरच राहिले, मुजुमदारही मुजुमदारच. तुमच्या दारावरची पाटी त्याच हट्टी बोलीची खूण आहे. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं आणि मुलीलाही हे आधी सांगावं असं वाटतं.

आडनाव इतकं कमी का आढळतं, हे कोडं इथेच सुटतं. प्रत्येक गावाला पाटील होता आणि कुलकर्णी होता. आज महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावं आहेत, तेव्हा पाटील-कुलकर्णी उदंड असणार यात नवल नाही. गावांच्या वर परगणा, तिथे देशमुख आणि देशपांडे. ते संख्येनं कमी, तरी पुष्कळ. किल्ले शेकडो, आणि किल्ल्यावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे. म्हणून सबनीस आपल्याला अधूनमधून भेटतात. पण राजाच्या जवळ बसून दैनंदिनी लिहिणारा माणूस दर गावाला नसतो आणि दर किल्ल्यालाही नसतो, त्याला दरबारच लागतो. शिवाय पाटीलकी आणि कुलकर्ण हे वतन होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं, जमिनीला बांधलेलं. चार मुलं झाली तर चारही घरं पाटील म्हणवून घेत आणि त्या नावात हक्क असे. दरबारी नोकरीचं तसं नव्हतं. नोकरी गेली की नाव धरून ठेवायला जमिनीसारखा आधार नसे, मग कुणी जुन्या आडनावाकडे परतलं असेल, कुणी गावावरून ओळखलं जाऊ लागलं असेल. कामाच्या नावावरून पडलेलं आडनाव किती पसरेल, हे त्या कामाच्या जागा किती होत्या यावर ठरतं. दुर्मीळ म्हणजे थोर असंही नाही आणि उपरं असंही नाही.

आकड्याबद्दल थोडक्यात सांगते. आपल्याकडची जनगणना आडनावांची मोजदाद प्रसिद्ध करत नाही. अमेरिकेची जनगणना करते. 2010 च्या त्यांच्या यादीत शंभर किंवा अधिक माणसांनी लावलेली 1,62,253 आडनावं आहेत. भारताबद्दल संकेतस्थळांवर दिसणारे आकडे मिळतील त्या याद्यांवरून बांधलेले अंदाज असतात. तुमचं आडनाव तर इंग्रजीत कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं, कुणी मध्ये एक 'ए' जास्त घालतं, मराठीतही कुणी वाकणीस लिहितं. यंत्र ही सगळी वेगवेगळी आडनावं मोजतं. तो आकडा मुलीला पाठ करू देऊ नका.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आडनाव जुळलं एवढ्यावर वंश जुळत नाही, आणि हुद्द्यावरून आलेल्या आडनावांत तर मुळीच नाही. वाकनिशी वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या माणसांनी केली. त्यांपैकी कुणाच्याही घराला हे नाव चिकटू शकतं. आणखी एक बाजू आहे. हुद्दा आडनाव होतो तेव्हा त्याच्याखाली बहुतेकदा आधीचं एक आडनाव झाकलं जातं. नाना फडणवीस मूळचे भानू. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे, पण त्यांचे वंशज चिटणीस म्हणूनच ओळखले गेले. पेशवे तर श्रीवर्धनचे भट. भोरचे पंतसचिव मूळचे गांडेकर. तेव्हा वाकनीस घराण्याला त्याआधी काय म्हणत, हा प्रश्न तुमच्या घरात कुणी कधी विचारलाय का? दत्ताजीपंतांपर्यंत दोरी जाते की नाही, हे त्या जुन्या आडनावावरून, मूळ गावावरून आणि कुलदैवतावरून कळेल. 'वाकनीस' या चार अक्षरांवरून कळणार नाही.

इथे एक अप्रिय गोष्टही बोलून घेते. आपल्याकडे 'आडनाव काय?' या प्रश्नामागे पुष्कळदा जात काढायचा हेतू असतो. ओळखीचं आडनाव ऐकलं की विचारणारा समाधान पावतो, वाकनीस ऐकलं की अडतो आणि 'म्हणजे कोण?' असं पुन्हा विचारतो. तुमच्या मुलीला हा दुसरा प्रश्न जन्मभर ऐकावा लागेल. खरं तर हुद्द्याची आडनावं एका जातीची नसतातच. देशमुख मराठ्यांत आहेत, ब्राह्मणांत आहेत, कायस्थ प्रभूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. कुलकर्णी आणि चिटणीस यांचंही एका जातीत भागत नाही. 'म्हणजे कोण?' या प्रश्नाला 'दरबारातली रोजची नोंद लिहिणारे' हे पूर्ण उत्तर आहे. त्यापुढे काही सांगायला ती बांधील नाही, हे तिला आत्ताच कळू द्या.

शोध घ्यायचा असेल तर घरापासून सुरू करा. सासऱ्यांना वंशज असल्याचा पुरावा मागू नका, त्यांना गोष्टी विचारा. त्यांच्या आजोबांचं गाव कोणतं, कुलदैवत कुठलं, बोडणाला किंवा गोंधळाला कुठल्या भावकीची माणसं येत, शेत कुठे होतं आणि ते कुणाला विकलं. कुलदैवत हा फार विश्वासू साक्षीदार आहे. माणसं पोटासाठी दूर जातात, भाषा बदलतात, आडनाव बदलतात, पण देवाला वर्षा-दोन वर्षांनी तिथेच जातात. हे सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. दुसरे वाकनीस भेटले तर 'आपण नातेवाईक का?' असं न विचारता आधी गाव आणि कुलदैवत विचारा. ती दोन्ही जुळली तरच पुढे बोलण्यात अर्थ.

गाव सापडलं की तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मागता येतात. गाव नमुना नंबर 14, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तिथे आडनावच नसेल तर निराश होऊ नका. जुन्या नोंदींत पुष्कळदा 'अमका बिन तमका' एवढंच असतं, म्हणजे अमक्या बापाचा मुलगा. पक्कं, न बदलणारं आडनाव हे आपल्याकडे घराघरांत रुजलं ते इंग्रजी अमलात, शाळेचा दाखला, कोर्ट आणि जमिनीचे कागद यांना एकसारखं नाव लागू लागल्यावर. त्याआधी एकाच माणसाला गावावरून एक, कामावरून दुसरं आणि घराण्यावरून तिसरं नाव असायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

घराला कधी इनाम जमीन होती असं सासरे म्हणत असतील तर दार आणखी मोठं उघडतं. 1852 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसलं आणि इनामदारांना आपला हक्क कागदांनी सिद्ध करावा लागला. त्यासाठी घराण्यांनी कैफियती, म्हणजे आपल्या हक्काची लेखी हकीकत दिली, वंशावळी दिल्या. असे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, पेशवे दफ्तराचे हजारो रुमालही, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठेही तिथेच. भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 मध्ये राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी काढलं, तिथेही घराण्यांनी दिलेले कागद जपलेले आहेत. तीर्थोपाध्यांना मात्र विसरू नका. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया इथल्या उपाध्यांकडे पिढ्यांपिढ्यांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसानं आपलं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं आणि गावाचं नाव लिहून खाली सही केलेली असते. खापरपणजोबांचं हस्ताक्षर पाहायला मिळेल अशा जागा फार थोड्या आहेत. तिथे 'वाकनीस' सांगा आणि गावही सांगा, नुसत्या आडनावावर वही निघत नाही.

आता मुलीकडे. चिडवणं आणि आडनाव बदलणं या दोन गोष्टी तिच्या मनात एक झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करायला हव्यात. चिडवणं थांबवायचं काम मोठ्यांचं. वर्गशिक्षकांना भेटा आणि नेमके शब्द सांगा, 'मुलं मुलांशी खेळतातच' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. आडनाव बदललं तरी त्रास देणारी मुलं दुसरं काही शोधतील, हे तिलाही आतून ठाऊक असणार. गाढवे, उंदरे, डुकरे अशी आडनावं घेऊन वाढलेली माणसं आपल्या आसपास आहेत आणि त्यांना शाळेत काय सोसावं लागलं असेल याची कल्पना करता येते. चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे त्याच आडनावानं लोकसभेत गेले आणि केंद्रात अर्थ खात्याचे राज्यमंत्री झाले. हे तिला उपदेश म्हणून ऐकवू नका. ती आपणहून विचारेल तेव्हा सांगा.

बदलण्याची घाई मात्र पोरकट नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव येतं ते पुढे पासपोर्टापासून पदवीपर्यंत सगळीकडे आधार म्हणून धरलं जातं. नंतर बदलता येतं, पण मग एकेक कागद बदलत बसावं लागतं. कायद्याची वाट साधी आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची, अर्ज ऑनलाइन होतो, मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांनी करायचा. तेव्हा तिला 'मोठी झाल्यावर बघू' म्हणून गप्प करू नका. या सुट्टीत आजोबांकडून गोष्टी काढून घेण्याचं, गाव शोधण्याचं काम तिच्याच हातात द्या. फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत आपण काय सोडतोय आणि काय ठेवतोय हे तिला कळलेलं असेल. त्यानंतरही ती जोशीच म्हणाली, तर तिचं ऐका. वाकनीस राहिली तर आनंदच आहे, पण तो आनंद आजोबांच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिच्या गळ्यात पडलेला नसावा.

सासऱ्यांशी मी थेट बोलू शकले असते तर एवढंच म्हटलं असतं. आप्पा, वाकनीस हे नाव आपल्या घरात आलं ते कुणीतरी आधीचं आडनाव बाजूला ठेवलं म्हणून. त्या पूर्वजाच्या आजोबांनाही कदाचित वाईट वाटलं असेल. त्यानं घराणं तुटलं नाही, उलट त्याच नव्या नावाचा आज तुम्हाला अभिमान आहे. भानूंचे फडणवीस झाले म्हणून मेणवलीचा वाडा कुणी परका मानला नाही. नातीनं जोशी लावलं तरी कुलदैवत तेच राहील, आणि तुम्ही सांगितलेल्या गोष्टी तिच्याकडेच राहतील, सांगितल्या तर.

गठ्ठा अजिबात टाकू नका. अक्षर लागत नाही म्हणता त्यावरून तो मोडी या जुन्या मराठी लिपीत असावा. फडक्यातून सोडताना कागद ज्या क्रमानं आहेत तो क्रम मोडू नका, कारण एका कामाचे कागद एकत्रच बांधलेले असतात. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात टाकू नका. खिडकीजवळच्या उजेडात प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि फोटोंना क्रमांक द्या. मग गठ्ठा धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या कपाटात ठेवा, पुन्हा माळ्यावर नको. वाचून घ्यायला फोटो पुरतात. मंडळात आणि पुराभिलेखागारात मोडी जाणणारी माणसं भेटतील, दोन्हीकडे मोडीचे वर्गही होतात. मुलीला लिपीत रस वाटला तर तिलाच पाठवा. बहुतेक कागदांवर जमिनीचे हिशेब, कर्जरोखे, भाऊबंदकीचे तंटे निघतील, दत्ताजीपंतांचं नाव एकावरही नसेल. तरी तेच आधी वाचून घ्या, कारण कर्जरोख्यावर घेणारा आपलं गाव लिहितोच, आणि तुम्हाला सध्या हवं आहे ते गाव.